शिवणकाकूंचा पंप

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. मोबाईल तेव्हा नुकते यायला लागले होते. ज्याच्याकडे तो असे, तो माणूस कुठेही गेला की आधी मोबाईल खिशातून काढून टेबलावर ठेवायचा आणि मग पाणी मागायचा. त्या वर्षीच्या थंडीत शिवणकाकू गच्चीच्या जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा उजवा खांदा निखळला.

शिवणकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गल्लीतल्या तीन पिढ्यांची झबली, शाळेचे गणवेश, पडदे आणि उशांचे अभ्रे त्यांच्या हाताखालून गेले होते, तेव्हा दुसरं नाव कुणाला आठवणार? यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर दोन मजली, लहानसं. वरच्या मजल्यावर काकू आणि त्यांचं शिलाई मशीन. खालच्या मजल्यावर त्यांचे धाकटे दीर. भाऊजींनी जन्मभर छापखान्यात यंत्रं चालवली, आणि निवृत्तीनंतर बायको गेल्यावर ते खाली एकटेच राहात. दीर-भावजय दोघांचा स्वयंपाक वर व्हायचा आणि भांडण जिन्यात.

खांदा डॉक्टरांनी बसवला, पण तो पूर्वीचा राहिला नाही. कात्री धरता येई, सुईत दोरा ओवता येई, कंबरेच्या उंचीवरचं सगळं करता येई. डोक्यावर पाणी घ्यायचं म्हटलं की मात्र हात अर्ध्या वाटेत रुसून बसायचा. डावा मनगटात अधूच. आणि बादलीसाठी वाकायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. "एकदा पडलात, आता पुन्हा पडलात तर मी बसवणार नाही," असं ते म्हणाले होते.

म्हणून लेक यायची. ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहात होती, दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. दुपारची पाळी असल्यामुळे सकाळी दोन बस बदलून ती आईकडे येई, तिला न्हाऊ घाली, केस पुसून देई, आणि तशीच ओल्या बाह्यांनी कामावर पळे. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत. काकूंना ते दिसत होतं. त्या स्टुलावर डोळे मिटून बसत. ज्या पोरीला आपण दंडाला धरून, कानामागे चोळून चोळून, "रडू नकोस, संपलं, संपलं" म्हणत न्हाऊ घातलं, ती आता आपल्याला म्हणते, "आई, मान खाली कर, संपलं." यात वाईट काही नव्हतं, पण डोळे उघडे ठेवून ते सोसवत नसे. एक बाई पगारी ठेवून पाहिली होती. काकूंनी तिला पहिल्याच दिवशी चहा पाजून परत पाठवलं.

एक दिवस केस पुसता पुसता लेक म्हणाली, "पहिल्या तारखेपासून माझी सकाळची पाळी आहे. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, उजाडायच्या आत पोचावं लागेल. मला येता यायचं नाही गं."

"मग नको येऊस. मी करीन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? तू माझ्याकडे ये. कायमची. वरच्या खोल्या भाड्याने देऊ."

"आणि माझं मशीन?"

"आण की. बाल्कनीत बसेल."

"मशीन बसेल गं. मी कुठे बसू?"

लेकीने टॉवेल खांद्यावर टाकला. "आई, मला भांडायला वेळ नाही. एकच सांगते. तू आपल्या हाताने, दार लावून, डोक्यावरून नीट अंघोळ करून दाखव. मग मी जन्मात हा विषय काढणार नाही. नाहीतर महिनाअखेर आवराआवर."

ती गेल्यावर जिन्यात खोकल्याचा आवाज आला. वहिनींकडे वर येण्याआधी खोकायचं, ही भाऊजींची चाळीस वर्षांची रीत.

"ऐकलंत वाटतं सगळं," काकू म्हणाल्या.

"खोकलो नव्हतो तोवर ऐकत नव्हतो," भाऊजी म्हणाले. "वहिनी, शॉवर आहे ना तुमच्याकडे? दादाने बसवलेला?"

"त्याला शॉवर म्हणता? सर्दी झालेल्या पोराचं नाक बरं."

ते खरंच होतं. पाण्याची टाकी न्हाणीघराच्या छपरावर जेमतेम हातभर उंच होती. वरून पाण्याला जोरच नव्हता. नळ उघडला की शॉवरातून दोन थेंब पुढे, एक मागे, असं चालायचं. यजमान हौसेने त्याखाली उभे राहात आणि शेवटी बादलीच भरत.

"जोर नाही म्हणूनच म्हणतो," भाऊजी म्हणाले. "पंप लावू. पाणी ढकलणारा छोटा पंप मिळतो हल्ली. तुम्ही नुसतं स्टुलावर बसायचं, पाणी आपणहून डोक्यावर येईल. हात वर करायचंच काम नाही."

"आणि तो पंप निवडणार कोण? तुम्ही? टोमॅटो आणायला पाठवलं की गप्पा घेऊन येणारे?"

"म्हणून तर तुम्ही बरोबर चला म्हणतो."

दुकानात जाण्याआधी काकूंनी दिराला आपली शिवणाची टेप दिली आणि टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंतची उंची मोजून आणायला लावली. मापाशिवाय कापड घ्यायला जाणं हा त्यांच्या लेखी वेडेपणा होता, मग ते कापड लोखंडाचं का असेना.

दुकानदाराला सगळा बाजार गोडबोल्या म्हणे. त्याने मावशी बसा, काका बसा, पंख्याखाली बसा, असं करत सगळ्यात मोठा पंप आधी समोर ठेवला. "हा बघा. हॉटेलवाले नेतात. असा जोर की पाठ चोळायची गरज नाही."

भाऊजींचे डोळे चमकले. त्यांनी पंपाच्या पाठीवरून असा हात फिरवला की जणू घोडा विकत घ्यायला आले होते.

"मला हॉटेल काढायचं नाही," काकू म्हणाल्या, "आणि पाठीची सालंही काढायची नाहीत. गरम पाण्याचं काय होतं यात?"

"गीझर आहे? किती जुना?"

"लेकीच्या लग्नाइतका."

गोडबोल्याचा चेहरा जरा पडला. गोड बोलला तरी माणूस लबाड नव्हता. "मग हा नको. जुन्या गीझरला एवढा जोर सोसायचा नाही, जोडातून गळेल."

"म्हणजे विरलेल्या कापडाला जाड सुई नको."

"बरोब्बर बोललात, मावशी! मग तुम्हाला हा धाकटा. आवाज कमी, एका शॉवरपुरता. आणि याला बटण नाही. पाणी वाहायला लागलं की आपला आपण सुरू, वाहायचं थांबलं की बंद."

बटण नाही, हे काकूंना एकदम पटलं. ओल्या हाताने विजेच्या बटणाला हात लावायची त्यांना भारी धास्ती. भाऊजींनी मोठ्या पंपाकडे एकदा मागे वळून पाहिलं, पण धाकटाच घरी आला.

बसवायला आला तो नळदादा. हा मनुष्य पान्याने जेवढं काम करी, त्याच्या दुप्पट तोंडाने करी. गच्चीवर टाकीच्या पायथ्याशी त्याने जाड रबराचा तुकडा अंथरला, त्यावर पंप ठेवला. "रबर नसलं तर सगळं छत गुणगुणतं," तो म्हणाला. मग टाकीतून खाली येणारा मुख्य पाइप कापून पंप मध्ये जोडला. पुढे तोच पाइप फुटून एक फाटा गीझरला जात होता आणि एक सरळ गार नळाला.

"फुटायच्या आधीच का?" भाऊजींनी विचारलं. त्यांना प्रत्येक गोष्टीचं का हवं असे.

"काका, नुसत्या गारला जोर दिला आणि गरमला तसंच सोडलं, तर गार दांडगाई करून गरमला मागे ढकलतं. घरात एक सख्खा आणि एक सावत्र असं नको. दोघांना एका पंगतीत बसवायचं."

त्याने विजेची तार ओढली, पंपाला पावसापाण्यापासून पत्र्याचं छप्पर केलं. काकूंनी खालून विचारलं, "जाड कापडाचं एक टोपडं शिवून देऊ का त्याला? थंडीवाऱ्याचं?"

"नको मावशी, गुदमरेल. त्याला हवा लागते."

मग परीक्षा. शॉवर नीट बसलाय का ते बघायला भाऊजी चष्म्यासकट खाली उभे राहिले, वर मान करून. नळदादाने गरम आणि गार नळांच्या दोन्ही चकत्या गरगरा फिरवल्या. छपरावर घुर्र झालं आणि पुढच्या क्षणी भाऊजी चष्मा, बनियन, मिशा सगळ्यांसह न्हाऊन निघाले. "अरे थांब! अरे माणसा!" त्यांना चष्म्यातून दिसेना, नळदादा हसण्याच्या भरात चकती उलटीकडे फिरवेना. काकू दारात उभ्या राहून हसत होत्या. पडल्यापासून पहिल्यांदा. हसताना खांदा दुखतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी लेकीने आईला शॉवरखाली बसवलं, नळ उघडला, आणि पाणी धबाधबा आलं. तिचा चेहरा उजळला. "उद्यापासून तू एकटी. मला फोनवर सांग." तिच्या आवाजात जी सुटका होती, ती काकूंना टोचलीही आणि बरीही वाटली.

आणि मग तो सकाळचा प्रसंग आला. काकूंनी दाराला कडी घातली. कडीचा तो आवाज किती दिवसांनी ऐकला! कपडे खुंटीला लावले, स्टुलावर बसल्या, आणि नळाच्या चकतीला हात लावला. मोटर बसवलेल्या शिलाई मशीनचा त्यांना चांगला अनुभव होता. पायाने रेटायच्या मशीनवरून त्या मोटरवर आल्या, तेव्हा पहिल्या दिवशी पाय दाबून धरला आणि कापड थेट बोटासकट सुईखाली गेलं होतं. तेव्हापासून त्यांनी मनाशी धडा घेतला होता: ज्या यंत्राला जोर आहे, त्याला नुसतं बोट टेकवायचं. पुढचं ते करतं. त्यात भाऊजींची झालेली दैना डोळ्यांपुढे होतीच. त्यांनी दोन्ही चकत्या अगदी अलगद, पाव वळसा फिरवल्या आणि पंप कधी सुरू होतो त्याची वाट बघत बसल्या.

टप. टप. टप टप.

पंप सुरू झाला नाही. "चल बाबा," काकू म्हणाल्या. थेंब मानेवर पडत होते, ते गारही होते. दात वाजायला लागले तशी त्यांनी नळ बंद केला, ओल्या फडक्याने अंग पुसलं आणि बाहेर आल्या.

"भाऊजी, तुमचा पंप बंद पडला."

भाऊजी वर आले, त्यांनी चकत्या फिरवल्या. घुर्र.

"चालतोय की, वहिनी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत टप टप, बाहेर आल्यावर भाऊजींच्या हाताखाली घुर्र. नळदादाला बोलावलं. त्याने पंप उघडला, फुंकर मारली, काहीतरी बदलल्यासारखं केलं आणि खाली येऊन नळ सोडला. "मावशी, हा तर वाघासारखा चालतोय!"

"माझ्यापुढे शेळी होतो."

"तुम्हाला घाबरत असेल," नळदादा म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन गेला.

तिसऱ्या दिवशीही पंप मुका राहिला तेव्हा काकूंनी कुणाला हाक मारली नाही. किती वेळा मारायची? लोक म्हणतील, म्हातारीला नळ उघडता येत नाही. त्यांनी फडक्याने अंग पुसलं, बेसिनमध्ये कपाळावरचे केस ओले केले आणि टॉवेल डोक्याला गुंडाळून बाहेर आल्या. दुपारी कामावरून लेकीचा फोन आला.

"झाली का अंघोळ?"

"झाली बाई."

"डोक्यावरून?"

"डोक्यावरून."

पलीकडे लेक हसली. कामावरच्या कुणाला तरी "माझ्या आईने बघ!" असं सांगतानाही ऐकू आली. काकूंनी फोन ठेवला. बोटात टाचणी मोडून राहावी तसं ते हसू त्यांच्या आत राहिलं. पण दुसऱ्या दिवशीही त्या "झाली" म्हणाल्या, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आज ना उद्या पंप ऐकेल, मग सगळं खरंच होईल, अशी आशा होती.

रविवारी लेक आली ती हसतच. जावयांनी खास सासूबाईंसाठी घ्यायला लावलेला नवा टॉवेल तिने आणला होता. तो ठेवायला ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात साबण होता. कोरडा, भेगा पडलेला. परवाची शिवणाची धूळ त्यावर बसलेली.

"आई, हा साबण कधी ओला झालाय?"

लेक जवळ आली आणि लहान मुलाचे हुंगावेत तसे तिने आईचे केस हुंगले.

"रोज फोनवर झाली म्हणालीस."

"माझ्यासमोर चालतच नाही तो पंप."

"काकांच्या हाताने चालतो. नळदादाच्या हाताने चालतो. माझ्या हाताने चालतो. तुझ्याच हाताने नाही?" ती पलंगावर बसली. बोलायचं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. "तुला एकटीने करायचंच नाहीये का? मी यावं म्हणून चाललंय का हे सगळं?"

"तुला असं वाटतं?"

"मला काय वाटायचं ते तूच सांग ना! मी दमलेय, आई. तुला न्हाऊ घालायला नाही दमले. तुला डोळे मिटून बसलेली बघून दमलेय. असं वाटतं, मी तुला शिक्षाच करतेय." ती रडायला लागली, तेही चिडून. "पुढच्या रविवारी टेम्पो बोलावते. बास."

काकूंनी सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. "बोलाव," त्या म्हणाल्या.

जिन्यात खोकला झाला. भाऊजी आत आले, पण नेहमीसारखे खुर्चीत बसले नाहीत.

"वहिनी, एक बोलू? रागावणार नसाल तर. तुमचा पंप लागला की माझ्या खालच्या मोरीतल्या पाइपात आवाज येतो. या आठवड्यात सकाळी तो एकदाही आला नाही."

काकूंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही अंघोळ झाली म्हणून सांगत होता. तुमच्या घरात येऊन तुम्हाला खोटं पाडू? वाटलं, आवाजाला भीत असाल, होईल सवय." मग ते लेकीकडे वळले. "पण तुझी आई हट्टाने करत नाहीये हे. छापखान्यात आमच्याकडे असं व्हायचं. एखादं यंत्र एकाच माणसाच्या हाताखाली अडायचं, बाकीच्यांच्या हाताखाली सरळ चालायचं. तेव्हा आम्ही यंत्र उघडत नसू. त्या माणसाच्या मागे उभं राहून गुपचूप बघत असू."

"माझ्या मागे उभे राहणार तुम्ही? न्हाणीघरात?" काकू कडाडल्या.

"मी गच्चीवर, पंपापाशी! मागे लेक राहील. तुम्ही कपड्यांसकट बसा. नेहमी करता तस्संच करा. शहाणपणा करून वेगळं काही करू नका."

भाऊजी वर गेले. काकू कपड्यांसकट स्टुलावर बसल्या, जरा अवघडूनच. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

गच्चीवरून आरोळी आली, "हं, करा सुरू!"

"केलंय!"

"काय?"

"केलंय म्हटलं!"

"इथे काही नाही!"

"इथेही काही नाही!"

टप. टप. लेक वाकली. तिने आईच्या हाताकडे पाहिलं. आई दोन बोटांनी चकती धरून बसली होती, तापलेल्या इस्त्रीला बोट लावून बघावं तशी.

"आई, नळ उघड ना."

"उघडलाय की."

"हा उघडलाय?"

"मग? जोराचं यंत्र आहे. त्याला पुरे एवढं."

"अगं, पण..." लेकीच्या कानांत गोडबोल्याचं बोलणं नव्हतं, ती दुकानात गेलीच नव्हती. पण रोज दवाखान्यात नाना यंत्रांशी तिची गाठ पडे. तिने आपला हात आईच्या हातावर ठेवला आणि हळूहळू चकती फिरवली. पाव वळसा. अर्धा. आईचं मनगट विरोध करत होतं, ते तिला तळव्याखाली जाणवलं. आणखी थोडं.

घुर्र.

पाणी दोघींच्या डोक्यावर एकदम आलं. गच्चीवर भाऊजी ओरडले, "वाजला! वाजला!" आणि आत काकू ओरडल्या, "बंद कर, बंद कर, टाकी रिकामी होईल!" लेकीने बंद केला नाही. ती ओलीचिंब होऊन जमिनीवरच बसली आणि आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकून हसत राहिली. हसता हसता तिचा आवाज कधी बदलला ते पाण्यात कळलं नाही.

"मी तुला काय काय बोलले गं."

"बोललीस तर बोललीस. मीही तुला आठवडाभर फसवलंच की." काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात खाली असताना सगळं येत होतं त्यांना. "आता ऊठ, सर्दी होईल."

केस पुसत, चहा घेत, भाऊजींनी उलगडा केला. "तुमचं शिलाई मशीन आधी चालतं, मग कापड सरकतं. याचं उलटं आहे. आधी पाणी बऱ्यापैकी वाहायला लागतं, तेव्हा कुठे त्याला जाग येते. तुमच्या धारेने तो कूससुद्धा बदलत नव्हता."

"मग ते मला कुणी सांगायचं होतं?"

"कुणाला वाटलं असतं की जगात कुणी नळ असा उघडतं?"

पण कळलं म्हणून वळतं असं नाही. दुसऱ्या दिवशी काकू आत गेल्या, कडी घातली, आणि चकती अर्ध्या वळशावर येऊन थांबली. शिलाई मशीनचा धडा एक झाला, त्याच्याही खाली दुसरा होता. लहानपणी त्या राहात त्या इमारतीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून तळाशी एक नळ होता. धार करंगळीएवढीच ठेवायची, नाहीतर मागे उभ्या असलेल्याची कळशी कोरडी परत जायची. तो हात साठ वर्षांचा झाला तरी मागे कुणीतरी उभं आहे असंच धरून चाले. काकूंनी डोळे मिटून जोर लावला, घुर्र झालं, आणि मोरीतून पाणी भराभर वाहून जाताना बघून त्यांनी लगेच बंद केलं. साबण कोरडाच.

या वेळी मात्र त्यांनी लपवलं नाही. बाहेर येऊन सरळ म्हणाल्या, "भाऊजी, पंप चांगला आहे. वाहून जाणारं पाणी बघवत नाही मला."

भाऊजींनी थट्टा केली नाही. तेही त्याच काळातले. दुपारी त्यांनी नळदादाला बोलावलं आणि न्हाणीघराचं सांडपाणी गटारात जायचं ते पाइप वळवून खाली अंगणातल्या मोठ्या पिंपात सोडलं. "आता जेवढं पाणी घ्याल तेवढं मला मिळेल," ते म्हणाले. "मला जिना धुवायचाय, अंगण धुवायचंय, सायकल धुवायचीय. उद्या पिंप भरलं नाही तर तक्रार करीन."

"माझ्या अंघोळीच्या पाण्याने सायकल धुणार?"

"साबण फुकट."

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. लेक आली, हातात पिशव्या नव्हत्या, पण टेम्पोवाल्याला तिने नाहीही सांगितलं नव्हतं. काकूंनी तिला बाहेर खुर्चीत बसवलं. "आत यायचं नाही," असं बजावून त्या गेल्या. कडी वाजली.

स्टुलावर बसून काकूंनी खाली अंगणात उभ्या असलेल्या पिंपाचा विचार केला आणि चकती फिरवली. पाव वळसा, अर्धा, पुरा. मग दुसरी. घुर्र. कोमट पाणी आधी खांद्यावर पडलं, मग त्यांनी स्टूल पायाने जरासं पुढे सरकवलं आणि ते थेट टाळूवर आलं. दुखरा हात मांडीवर ठेवलेला होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने साबण चोळला, आपले केस आपण, मान आपली आपण, आणि डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरून ओघळणारं पाणी बघत बसल्या. घाई नव्हती. बाहेर कुणी मान खाली कर म्हणत नव्हतं.

खालून आरोळी आली, "वहिनी! पिंप अर्धं झालं! येऊ द्या!"

"गप्प बसा हो!" काकू आतून ओरडल्या. "गल्लीला कळेल सगळ्या!"

बाहेर खुर्चीत लेक एकटीच हसली. काकू आल्या तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं, नवा टॉवेल खांद्यावर होता. लेकीने जवळ जाऊन केस हुंगले.

"टेम्पोचं काय ठरलं?" काकूंनी विचारलं.

"कसला टेम्पो?" लेक म्हणाली, आणि टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागली.

पुढे काकू त्याच घरात बरीच वर्षं राहिल्या. खांदा कधीच सुधारला नाही. दार लावून, कडी घालून, रोज आपली आपण अंघोळ. शेवटच्या आजारपणातले थोडे दिवस सोडले तर त्यात खंड पडला नाही, आणि त्या दिवसांत लेकीने न्हाऊ घातलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, गप्पा मारल्या.

भाऊजी त्यांच्या आधी गेले, झोपेतच. त्या दिवशी काकू कितीतरी वेळ जिन्याकडे पाहत बसल्या. नंतर खालच्या खोल्यांत एक तरुण जोडपं आलं. ती दोघं खोकत नसत, थेट वर येत. काकूंनी तेही चालवून घेतलं.

गोडबोल्याने दुकान मुलाकडे दिलं. मुलगा गोड बोलत नाही, पण गिऱ्हाईकाला आधी गीझर किती जुना ते विचारतो म्हणे. नळदादाची पाठ धरली तशी त्याने वर चढायची कामं सोडली. आता तो हाताखालच्या माणसांना नुसतं बोलून काम शिकवतो, जे त्याला पहिल्यापासून आवडायचं.

लेक रक्ताच्या खोलीची मुख्य होऊन निवृत्त झाली. ती सकाळची पाळी तिने शेवटपर्यंत केली. रविवारी आईकडे यायची ती काही करायला नाही, नुसती बसायला. आता ती आणि जावई त्याच वरच्या मजल्यावर राहतात. तिचे केस पांढरे झाले, त्यांचे उरलेच नाहीत. दोघंही ठणठणीत आहेत.